स्कूल बसचे काका आणि संकटातली पहिली पाच मिनिटे

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की सोलापूरच्या रस्त्यांवर पिवळ्या बस, व्हॅन आणि दप्तरे लटकवलेल्या रिक्षा पुन्हा दिसू लागतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी, बाळे अशा वाढत्या वस्त्यांतून मुले शहरातल्या शाळांकडे निघतात. या प्रत्येक वाहनाच्या चालकाला मुले ‘काका’ म्हणतात. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात मूल आईवडिलांच्या नजरेसमोर नसते आणि शिक्षकांच्याही नसते. ते काकांच्या हवाली असते.

या वेळात कोणी हत्यार दाखवून गाडी अडवली, जमावाने दगडफेक सुरू केली, किंवा कोणी आत शिरून एखाद्या मुलाला ओढून नेऊ लागले, तर काकांनी काय करायचे? हा प्रश्न काढला की बहुतेकांचे पहिले उत्तर असते, ‘हे प्रकार अमेरिकेत होतात, आपल्याकडे नाही.’ ते अर्धेच खरे आहे. शाळेत बंदूक घेऊन शिरण्याचे जे प्रकार अमेरिकेत वारंवार घडतात, तसे आपल्याकडे घडत नाहीत. पण प्रवासी वाहनावर, आणि मुलांच्या वाहनावरही, हल्ला होण्याचे प्रसंग भारतात आणि महाराष्ट्रात घडले आहेत. त्या प्रत्येक प्रसंगात पोलीस पोहोचण्याआधीची काही मिनिटे चालकाच्या निर्णयावर गेली. त्या मिनिटांत करायची कामे थोडी आणि साधी आहेत. ती शिकवता येतात. मात्र ती शिकवण्याची जबाबदारी आपण कोणावरही नीट टाकलेली नाही.

घडलेले प्रसंग

२७ ऑक्टोबर २००८ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या बेस्टच्या दुमजली बसमध्ये एका तरुणाने गावठी पिस्तूल काढले. त्याच्या गोळीबारात एक प्रवासी जखमी झाला. बस कुर्ल्यात थांबली, बहुतेक प्रवासी खाली उतरले आणि पुढे पोलिसांच्या गोळीबारात तो तरुण ठार झाला. पोलिसांची कारवाई योग्य होती का, यावर नंतर बराच वाद झाला. आपल्या विषयापुरते लक्षात घ्यायचे ते एवढेच की, गाडी थांबली आणि दार मोकळे राहिले म्हणून माणसे बाहेर पडू शकली.

दुसरा प्रसंग नेमका उलट आहे. १० जुलै २०१७ च्या रात्री जम्मू-काश्मीरमध्ये अनंतनागजवळ अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. बसमध्ये गुजरात आणि महाराष्ट्रातले पन्नासहून अधिक यात्रेकरू होते. चालक सलीम शेख यांनी गाडी थांबवली नाही. अंधारात, गोळ्या चालू असताना, ते सुरक्षा दलांच्या ठिकाणापर्यंत गाडी पळवत राहिले. त्या रात्री सात यात्रेकरू मरण पावले, पण बाकीचे वाचले. पुढे सलीम शेख यांना उत्तम जीवन रक्षा पदक देण्यात आले. याच प्रसंगाचा आणखी एक धडा फारसा सांगितला जात नाही. टायर पंक्चर झाल्याने बसला उशीर झाला होता आणि रस्त्यावरचा बंदोबस्त उठल्यानंतर ती तिथून जात होती. धोका बहुतेक वेळा अशाच चुकलेल्या वेळापत्रकात शिरतो.

थेट मुलांच्या वाहनावरचे दोन प्रसंग जानेवारी २०१८ मधले, लागोपाठच्या दोन दिवसांतले आहेत. २४ जानेवारीला गुरुग्राममध्ये एका चित्रपटाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्या जमावाने शाळेच्या बसवर दगडफेक केली. आतल्या मोठ्या माणसांनी मुलांना सीटच्या मधल्या जागेत, खाली बसवले. काचा फुटल्या, पण मुले सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी, २५ जानेवारीला, पूर्व दिल्लीत मोटारसायकलवरून आलेल्या हत्यारबंद माणसांनी शाळेची गाडी अडवली, चालकाच्या पायावर गोळी झाडली आणि पाच वर्षांच्या एका मुलाला उचलून नेले. गाडीत वीसहून अधिक मुले होती. सुमारे बारा दिवसांनी पोलिसांनी त्या मुलाची सुखरूप सुटका केली.

परदेशातली तीन उदाहरणे याला जोडून पाहावीत. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या चाउचिला या लहान गावात तीन बंदूकधाऱ्यांनी २६ मुले आणि चालक एड रे यांना बससह पळवले आणि एका खाणीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडले. रे यांनी तिथे झुंज दिली नाही. त्यांनी मुलांना शांत ठेवले, मोठ्या मुलांच्या मदतीने गाद्या एकावर एक रचल्या, छतावरचे झाकण सरकवले आणि सुमारे सोळा तासांनी सगळ्यांना जिवंत बाहेर काढले. २९ जानेवारी २०१३ रोजी अलाबामात चार्ल्स पोलंड हे चालक बंदूकधारी आणि मुले यांच्यामध्ये उभे राहिले आणि मारले गेले. तेवढ्या वेळात मागच्या दाराने बरीच मुले निसटली. ६ मे २०२१ रोजी साउथ कॅरोलायनात रायफल घेतलेल्या एका शिकाऊ सैनिकाने १८ मुले असलेली बस ताब्यात घेतली. चालक शांतपणे बोलत राहिला, मुलांनी प्रश्न विचारून त्या माणसाला भंडावून सोडले, आणि काही मिनिटांत त्याने चालकासह सगळ्यांना खाली उतरवून दिले.

हे प्रसंग शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते. कुठे गाडी चालू ठेवल्याने जीव वाचले, कुठे थांबवून दार उघडल्याने, कुठे नुसते बोलत राहिल्याने. ‘असे झाले तर नेहमी असेच करा’ असा एक मंत्र नाही. चालकाला शिकवायचे आहे ते यांतले काय केव्हा निवडायचे हे.

सोलापूरपुरता धोका कोणता?

तयारी करताना प्रमाण सुटता कामा नये. सोलापुरातल्या चालकापुढे बंदूकधारी उभा राहण्याची शक्यता फार कमी आहे. त्याच्यापुढे येऊ शकणारा धोका बहुधा तीन प्रकारचा असेल.

पहिला प्रकार आंदोलन आणि बंद. ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद असो किंवा २०१८ आणि २०२३ मधली आरक्षणाची आंदोलने असोत, राज्यात एसटीच्या गाड्यांनी दगड आणि आग दोन्ही सोसले. सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या वाहकाला मारहाण झाली, पाठोपाठ चित्रदुर्गजवळ आपल्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले आणि दोन्ही राज्यांतली बससेवा काही काळ थांबली. अशा वेळी भांडणाशी काही संबंध नसलेला, खाकी कपड्यातला माणूस सर्वांत आधी हाती लागतो. स्कूल बसवर कोणाचा राग नसतो. पण ती चुकीच्या वेळी चुकीच्या चौकात सापडू शकते. सहलीच्या दिवसांत तर आपल्या मुलांच्या गाड्या जिल्ह्याबाहेर आणि सीमेपलीकडेही जातात.

दुसरा प्रकार अपघातानंतरचा जमाव. पुणे–हैदराबाद आणि विजयपूर–धाराशिव हे दोन राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात येऊन मिळतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते. स्कूल बसचा धक्का दुचाकीला लागला आणि माणूस पडला, तर दोन मिनिटांत पन्नास माणसे जमतात. चालकाला खेचून मारण्याची भाषा सुरू होते. हा हल्लाच आहे, फक्त त्याला आपण तसे म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये अपघातातल्या जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्याला अपवादही केला आहे. म्हणजे जमावाची भीती कायद्यालाही मान्य आहे. नव्या न्याय संहितेतल्या ‘अपघात करून पळून जाण्या’च्या कडक तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी देशभर संप केला, तेव्हा त्यांचे मुख्य म्हणणे हेच होते की, थांबलो तर जमाव मारतो. मालट्रकचा चालक पळाला तर ट्रक मागे राहतो. स्कूल बसचा चालक पळाला तर चाळीस मुले मागे राहतात. म्हणून या एका प्रसंगाची तयारी सोलापुरात सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

तिसरा प्रकार एखाद्या मुलावर डोळा ठेवून आलेला माणूस. तो खंडणीसाठी आलेला असेल, घरातल्या वादातून मुलाचा ताबा घ्यायला आलेला नातेवाईक असेल किंवा दारू पिऊन भांडायला आलेला कोणी असेल. त्याच्या हातात कोयता असू शकतो, किंवा काहीच नसून फक्त ‘मी मामा आहे, पोराला द्या’ एवढेच शब्द असू शकतात.

करायची पाच कामे

वरच्या तिन्ही प्रकारांत चालकाची कामे जवळपास सारखीच आहेत.

पहिले काम, लांबून ओळखणे. चौकात टायर पेटलेला दिसतो, रस्त्यात माणसे आडवी उभी दिसतात, दोन दिवस तीच मोटारसायकल थांब्यापाशी उभी दिसते. रोज तोच रस्ता कापणाऱ्या माणसाला यातले वेगळे काय ते इतर कोणाहीपेक्षा आधी कळते. अमेरिकेत वाहतूक सुरक्षेची सरकारी यंत्रणा स्कूल बसच्या चालकांना जे प्रशिक्षण देते, त्याचा गाभा पाहणे, अंदाज घेणे आणि कळवणे हाच आहे. आपल्या काकांकडे नजर आहेच. कळवायचे कोणाला, एवढेच त्यांना ठाऊक नसते. समोर काही संशयास्पद दिसले तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून थांबावे, म्हणजे वळून परतायला जागा राहते. हा एक नियम पाळला तरी अनेक प्रसंग टळू शकतात.

दुसरे काम, हलता येत असेल तर हलत राहणे. चालत्या गाडीत चढणे कठीण असते आणि तिच्यावर नेम धरणेही कठीण असते. पण पळायचे कुठे, हे आधी ठरलेले हवे. प्रत्येक मार्गावरची ‘भरवशाची ठिकाणे’ चालकाला तोंडपाठ असली पाहिजेत. जुळे सोलापूरच्या बाजूने येणाऱ्या गाडीला विजापूर नाका पोलीस ठाणे आहे आणि सोरेगावात राज्य राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. अक्कलकोट रोडला एमआयडीसी पोलीस ठाणे आहे. शहराच्या मध्यात फौजदार चावडी, सदर बझार आणि जेलरोडची ठाणी आहेत, सिव्हिल हॉस्पिटल आहे. दगडफेकीत अडकलेली गाडी घराकडे किंवा शाळेकडे नेण्याचा हट्ट धरू नये. जवळच्या भरवशाच्या ठिकाणी न्यावी.

तिसरे काम, हलता येत नसेल तर मुलांना आडोसा देणे किंवा बाहेर काढणे. दगड येत असतील तर मुलांनी खिडकीच्या रेषेखाली, सीटच्या मधल्या जागेत बसायचे आणि दप्तर डोक्यावर धरायचे. फुटलेल्या काचेपासून दप्तर चांगले वाचवते. बसचा पत्रा गोळी अडवत नाही, म्हणून गोळीबारात आडोशाचा उपयोग मर्यादित असतो. तरीही खाली बसलेले मूल दिसत नाही. आग किंवा धूर असेल तर मात्र आत थांबणे हाच सर्वांत मोठा धोका. मग धोक्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने किंवा मागच्या संकटकालीन दाराने बाहेर पडायचे. हे दार उघडते का, त्याच्यासमोर जादा सीट किंवा डब्यांची पिशवी ठेवलेली नाही ना, हे रोज सकाळी पाहायला अर्धे मिनिट लागते. १९ मार्च २०२५ रोजी पुण्याजवळ हिंजवडीत एका कंपनीच्या मिनीबसला आग लागली, तेव्हा मागे बसलेल्या चार कर्मचाऱ्यांना दार उघडता आले नाही आणि ते तिथेच मरण पावले.

चौथे काम, बोलणे आणि कळवणे. हत्यार दाखवणाऱ्याशी वाद घालायचा नाही, त्याला आव्हान द्यायचे नाही, एकदम हालचाल करायची नाही. हात दिसतील असे ठेवायचे, हळू आणि मोजके बोलायचे. त्याला पैसे, मोबाइल, गाडी हवी असेल तर द्यायची. मूल मात्र आपल्या हाताने द्यायचे नाही. मुले आधी उतरू द्या, असे पुन्हा पुन्हा सांगायचे. झुंज हा शेवटचा उपाय. त्याची सक्ती कोणावर करता येत नाही आणि प्रशिक्षणात त्याचा आग्रहही धरू नये. कळवण्यासाठी ११२ हा एक क्रमांक पुरे. फोनवर आधी ठिकाण सांगायचे, मग काय घडले आणि मुले किती. फोन मध्येच तुटला तरी पोलिसांना ठिकाण कळलेले असते. उघडपणे बोलता येत नसेल तर शाळेशी आधीच एक साधे वाक्य ठरवून ठेवावे. ‘गाडीचा फॅनबेल्ट तुटला आहे’ एवढे कानावर पडले की पलीकडच्या माणसाने प्रश्न न विचारता पोलिसांना कळवायचे.

पाचवे काम, मोजणे आणि सोपवणे. धोक्यातून बाहेर पडल्यावर मुलांची मोजणी करायची, यादीशी ताडून पाहायची, आणि मुले फक्त ओळखीच्या, यादीतल्या माणसाकडे द्यायची. गोंधळात आलेल्या प्रत्येक पालकाने आपापले मूल उचलून नेले तर अर्ध्या तासाने कोण गेले आणि कोण हरवले हे कोणालाच सांगता येत नाही.

रिक्षावाल्या काकांना यातले काही वेगळे करावे लागेल. रिक्षाला दारे नसतात, सोबत दुसरे मोठे माणूसही नसते. उलट ती गल्लीबोळात वळते आणि पटकन परत फिरते. त्यांच्यासाठी लांबून ओळखणे आणि परत फिरणे ही दोन कामेच सर्वांत मोलाची.

वाचून का येत नाही?

ही यादी छापून चालकाच्या हातात दिली म्हणजे काम झाले असे नाही. तीव्र भीतीत माणसाचे शरीर बदलते. हृदय धडधडते, बोटे थरथरतात, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, कानावर पडलेले डोक्यात शिरत नाही. रोजचा पाठ असलेला फोन नंबर आठवत नाही. अशा वेळी माणूस विचार करून वागत नाही. हाताला जी सवय लागली आहे तेच तो करतो. म्हणून कामे थोडी हवीत आणि हाताला सवय होईपर्यंत करून घ्यायला हवीत. अग्निशामक सिलिंडरची पिन प्रत्यक्ष न ओढलेला माणूस आगीपुढे ती शोधत बसतो.

मुलांचा सराव मात्र जपून घ्यावा. अमेरिकेत काही शाळांनी खोटे बंदूकधारी आणून, खोटे रक्त दाखवून सराव घेतले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये अशा भीतिदायक सरावांना विरोध केला. सोलापुरातल्या पहिलीच्या मुलाला बंदुकीची गोष्ट सांगण्याची गरजच नाही. ‘काकांनी ‘खाली’ म्हटले की दप्तर डोक्यावर घेऊन बसायचे’ आणि ‘मागच्या दाराने रांगेत उतरायचे’ हे दोन खेळ शाळेच्या मैदानावर जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा खेळले की पुरे. तोच सराव आगीतही उपयोगी पडतो, अपघातातही.

पालकांचा मोबाइल

या विषयाची एक बाजू खास आपल्याकडची आहे. चालकाने दगडफेक टाळण्यासाठी नेहमीचा रस्ता सोडला आणि गाडी भलत्याच बाजूला पळवली, तर वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल? मुलांनी भरलेली गाडी, रडणारी मुले आणि सुसाट चालक. पाच मिनिटांत पालकांच्या गटावर संदेश फिरेल की मुले पळवली.

हा धोका काल्पनिक नाही. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे अशाच संशयातून दोन साधू मारले गेले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या गाडीचा चालकही. सोलापूर जिल्ह्याने अफवेची किंमत आपल्या माणसांच्या जिवाने मोजली आहे.

म्हणून तयारीचा निम्मा भाग पालकांचा आहे. संकटात माहिती कोणत्या एका माणसाकडून येईल हे आधी ठरवावे. शाळेतला तो माणूस एकच संदेश पाठवील, बाकीच्यांनी काही पुढे पाठवायचे नाही. पालकांनी चालकाला फोन लावू नये. तीस पालकांनी एकाच वेळी फोन केले तर त्याचा फोन पोलिसांसाठी मोकळा राहत नाही. आणि पालकांनी घटनास्थळी धाव न घेता ठरलेल्या ठिकाणी जमावे. वर्षाच्या पहिल्या पालकसभेत दहा मिनिटे याला दिली तर पुरेसे आहे.

धोका चालकाच्या खुर्चीतूनच आला तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एसटीचा चालक संतोष माने याने बस बाहेर काढली आणि रस्त्यावर दिसेल त्याला चिरडत सुटला. नऊ जण मेले, ३७ जखमी झाले. माने मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. रात्रपाळी बदलून मिळावी ही त्याची मागणी आणि त्याची मानसिक अवस्था, या दोन्ही गोष्टी खटल्यात चर्चिल्या गेल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. २० मार्च २०१९ रोजी इटलीत मिलानजवळ ५१ मुलांची बस तिच्याच चालकाने पळवली आणि पेटवली. एका मुलाने लपवलेल्या फोनवरून कळवल्याने पोलीस पोहोचले आणि काचा फोडून सगळ्यांना बाहेर काढले. हिंजवडीच्या आगीतही चालकानेच कर्मचाऱ्यांवरच्या रागातून आग लावल्याचे पोलिसांनी सांगितले.

यावरचा आपला नेहमीचा उपाय म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो हवाच. पण दाखला मागचे सांगतो, आजचे सांगत नाही. चालकाची झोप झाली आहे का, पगार तीन महिने थकला आहे का, सकाळी स्कूल बस आणि रात्री मालवाहू गाडी असे दोन्हीकडे तो राबतो आहे का, कालपर्यंत गप्पा मारणारा माणूस अचानक गप्प झाला आहे का, हे विचारणारे कोणी आहे का? सोबतच्या मावशींना हे सर्वांत आधी दिसते. त्यांनी कोणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर चालकाची नोकरी न जाता त्याला उपचार किंवा रजा कशी मिळेल, हे ठरलेले नसेल तर त्या बोलणार नाहीत.

याच्या उलट टोकाची चूकही आठवावी. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा बसच्या वाहकाला त्याच दिवशी पकडून देशासमोर गुन्हेगार म्हणून उभे केले गेले. पुढे केंद्रीय तपासात संशय शाळेतल्याच मोठ्या विद्यार्थ्याकडे वळला आणि न्यायालयाने वाहकाला दोषमुक्त केले. ज्याच्यावर पहिला संशय आपण घेणार हे ठरलेलेच आहे, त्याने आपल्या मुलांसाठी जीव धोक्यात घालावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

नियम आहेत, पण

देशात स्कूल बसच्या नियमांची सुरुवात एका दुर्घटनेनंतर झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव ही अट तेव्हाची. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. संकटकालीन दार, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, सोबतीला सहवर्ती, मुली असतील तर महिला सहवर्ती, अशा अटी त्यात आल्या. सर्वांत महत्त्वाची तरतूद म्हणजे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती. तिच्यात पालक, पोलीस, आरटीओ आणि बसचालकांची बाजू यांना जागा आहे. तिच्यावर जिल्हा समिती, शहरात पोलीस आयुक्तांच्या आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली. सोलापुरात आयुक्तालयही आहे आणि ग्रामीण पोलीस दलही. रचना तयार आहे.

उणीव अशी की नियमांचा बहुतेक भर वाहनावर आहे. दार, रंग, जाळी, वेगनियंत्रक हे तपासता येते, त्यावर शिक्का मारता येतो. चालकाला संकटात काय करायचे ते येते का, हे तपासायला कोणतीही चौकट कागदावर नाही. त्यात सोलापुरातली कितीतरी मुले रिक्षा आणि व्हॅनमधून जातात. त्यांचा करार पालकांशी तोंडी असतो, शाळेशी नसतो, म्हणून शाळेच्या समितीच्या पटावर ते काका येतच नाहीत.

यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस पुरेल. पोलीस ठाण्याचा एक अधिकारी, अग्निशामक दलाचा एक जवान, १०८ रुग्णवाहिकेचे एक डॉक्टर, आरटीओचे एक निरीक्षक, आणि समोर शाळेचे सगळे काका आणि मावशी, रिक्षावाल्यांसकट. सकाळी पाच कामे समजून घ्यायची. दुपारी प्रत्येकाने आपल्या मार्गाचा नकाशा हाताने काढून त्यावर भरवशाची ठिकाणे मांडायची, सिलिंडर प्रत्यक्ष वापरायचा, संकटकालीन दारातून स्वतः उतरून पाहायचे, ११२ ला काय सांगायचे ते मोठ्याने म्हणायचे. त्या दिवसाची मजुरी शाळेने द्यायची. न देता बोलावले तर रिक्षावाला येणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

बंद किंवा मोर्चा असेल त्या दिवशी गाड्या सोडायच्या की नाही, हा निर्णय आदल्या रात्री शाळेने घ्यावा आणि तो लेखी असावा. आज हा निर्णय बहुतेक वेळा सकाळी सहा वाजता चालकावर पडतो. तो गेला नाही तर पालक रागावतात, गेला आणि काच फुटली तर मालक भरपाई कापतो. प्रसंग घडलाच तर नंतर चालकाशी आणि मावशींशी कोणीतरी बसून बोलावे, दोन दिवस भरपगारी विश्रांती द्यावी. घाबरलेल्या मुलासाठी आपण समुपदेशक शोधतो. त्याच गाडीत, त्याच काचा अंगावर घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिल्या थांब्यावर उभे राहायचे असते.

दिवाळीनंतर शाळा पुन्हा उघडतील. त्याआधी पालकांनी शाळेला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या शाळेची परिवहन समिती शेवटची कधी बसली? माझे मूल ज्या गाडीतून जाते तिचे संकटकालीन दार शेवटचे कधी उघडून पाहिले? आणि काकांना त्यांच्या मार्गावरचे सर्वांत जवळचे पोलीस ठाणे कोणते ते ठाऊक आहे का? तिसरा प्रश्न काकांनाच विचारला तरी चालेल. विचारताना त्यांचे पूर्ण नाव, घर कुठे, घरी कोण कोण असते, हेही विचारून घ्यावे. वर्षानुवर्षे ज्यांच्या हाती मूल सोपवतो, त्यांच्याबद्दल एवढे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.